सिरानूशबाईंचा फोटो

ऊर्मी काय काम करते असं कोणी विचारलं, की तिची सासू "सिनेमात आहे" एवढंच सांगून विषय बदलायची. सून परदेशात, मिसिसागात, बेसमेंटमध्ये बसून नव्याकोऱ्या वस्तू जुन्या करते, हे नातेवाइकांना कोणत्या तोंडाने सांगायचं! पण ऊर्मीच्या हातात जादू होती, हे मान्यच करायला हवं. चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून, कडा घासून तिने दिलेला कागद शंभर वर्षांचा वाटायचा.

या वेळचा सिनेमा मात्र जड होता. १९१५ साली ऑटोमन राजवटीत आर्मेनियन लोकांना गावंच्या गावं घराबाहेर काढून वाळवंटाकडे हाकललं, लाखो मारले, त्याची गोष्ट. एका प्रसंगात शिपाई एका घरातला फोटो शेकोटीत फेकतो. तो फोटो व्हिटबी गावच्या आर्मेनियन सिरानूशबाईंनी दिला होता. त्यांच्या आईच्या लहानपणीचा, घरातला एकुलता एक. देताना ऐंशीच्या त्या बाईंनी ऊर्मीचं मनगट घट्ट धरलं. "परत आण," एवढंच म्हणाल्या.

ऊर्मीने स्कॅन करून चार नकला छापल्या. फोटोत सहा जण होते. दोन शनिवार बारीक कुंचला घेऊन ती त्या सहा चेहऱ्यांचे बारकावे रंगवत बसली होती. अस्सल वस्तू सेटवर न्यायची नाही, हा धंद्यातला पहिला नियम. पण रंग ताडून बघायला बरा, म्हणून तिने अस्सल फोटो नकलांच्याच डब्यात ठेवला. मागे खूणही केली नाही, कारण आगीत फोटो उलटला तर खूण कॅमेऱ्यात दिसते. माझं काम मला ओळखू येणार नाही का, असा तोरा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

ग्वेल्फजवळच्या माळावर शूटिंग झालं. चार टेक झाले, चार फोटो जळाले. डब्यात एक उरला. ऊर्मीने घाईने त्याची पाठ बघितली, कडा चाचपल्या. पण हा कोणता, हे तिला सांगता येईना.

"ॲलरॉय, भिंग दे लवकर."

ॲलरॉय तिचा साहेब, मूळचा वसईचा. "व्हॉट हॅपन्ड? चेहरा का असा पडलाय तुझा?"

"ओरिजिनल मिक्स झाला रे. कॉपी असेल तर प्रिंटरचे डॉट्स दिसतील."

तिने भिंगातून इंच इंच बघितलं. एकही ठिपका नव्हता. फोटो अस्सल होता. तिला रडूच आलं. डोळे पुसून तिने भिंग बाजूला ठेवलं आणि आता कुठे तो पूर्ण फोटो नीट बघितला.

फोटोत एकटी मुलगी उभी होती. बाजूची खुर्ची रिकामी होती. मुलगी मान वळवून वर बघत होती, उजवा हात वर होता, कोणीतरी धरल्यासारखा, पण धरायला कोणी नव्हतं.

"बाकीचे कुठे गेले?"

"बाकीचे कोण? एकटीच तर होती. मी होतो ना तुझ्याबरोबर व्हिटबीला. ऊर्मी, आर यू ओके?"

तिने लॅपटॉप उघडला. स्कॅनमध्ये मुलगी एकटी. चारही टेक लावून बघितले. चारही वेळा एकटी मुलगी काळी पडत, आक्रसत जळत होती. आपल्याला वेड तर लागलं नाही ना? पण डोळे फसले तरी हात कसा फसेल? त्या पाचही जणांच्या भुवया तिच्या बोटांना पाठ होत्या.

दुसऱ्या दिवशी ती व्हिटबीला गेली. फोटो देऊन गुपचूप निघता आलं असतं. फोटो अस्सल होता, दिलेला शब्द पाळला होता. पण तिला ते जमेना.

"आजी," ती म्हणाली, "मी यात सहा जण बघितले होते. आणि बाकीचे पाच जण माझ्या हातून जळाले."

सिरानूशबाई दचकल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला.

"आई अनाथाश्रमात वाढली. घरच्यांचे चेहरे तिला आठवायचे नाहीत. फोटोत ती पहिल्यापासून एकटीच. मी जन्मभर तिला विचारलं, मान वळवून वर कुणाकडे बघतेस गं? ती म्हणायची, कुणाकडे नाही." बाईंनी फोटो ऊर्मीकडे सरकवला. "तू बघितलंस ना? मग सांग."

ऊर्मीने मुलीच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे तिची आई होती. डाव्या गालावर खळी. फोटोवाल्याकडे दोघीही बघत नव्हत्या. एकमेकींकडे बघून हसत होत्या."

सिरानूशबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"अजून चौघं राहिलेत," त्या म्हणाल्या. "सावकाश सांग."