सुभद्रावहिनींच्या पहिल्या मुलीचं नाव

आमची ग्रामपंचायत म्हणजे तळ्याकाठच्या दोन खोल्या, एक लोखंडी कपाट आणि मी. सरपंच बदलले, ग्रामसेवकांच्या बदल्या झाल्या. लिपिक म्हणून चोवीस वर्षं मी एकटा त्या खुर्चीला चिकटून राहिलो. कोणाच्या वाडीत किती केळी आणि कोणाच्या घरात किती भांडणं, सगळं मला तोंडपाठ. त्याचा मला तोराही होता, खोटं कशाला बोलू.

जन्माच्या नोंदीची आमची एक पद्धत होती. बाप येऊन तारीख सांगायचा, मी आईबापांची नावं लिहायचो आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा ठेवायचो. बारशाला आत्या कानात नाव सांगणार, त्याआधी ते कागदावर कसं चढवायचं? बारसं झालं की येऊन सांगा, म्हणायचो. पण येतो कोण? पाच-सहा वर्षांनी शाळेत दाखला मागितला की धावत यायचे. मी आईबापांची नावं बघायचो, कोरा रकाना दिसला की नाव भरून टाकायचो. माणसं ओळखीची, मग पुरावा कसला मागायचा?

२००९ साली आमचं गाव महापालिकेत जाणार हे नक्की झालं. मोर्चे निघाले, घसे बसले, आणि शेवटी रजिस्टरं विरारला पाठवायचा हुकूम आलाच. ज्यांची नावं भरायची राहिलीत त्यांनी आठवड्याभरात यावं, असं मी बाहेरच्या फळ्यावर लिहिलं.

दुसऱ्याच दिवशी सुभद्रावहिनी आल्या. वाडीवाल्या गंगारामची बायको. आगाशीच्या बाजारात पडवळ-वांगी विकून परस्पर आल्या होत्या, रिकामी टोपली त्यांनी दाराशी ठेवली.

"भाऊ, माझ्या पहिलीचं नाव घालायचंय."

मला क्षणभर काही कळेना. वहिनींची मुलगी एकच, ऋतिका, नुकतीच दहावी झालेली. मग आठवलं. तिच्याआधी एक झाली होती, १९९३ च्या फेब्रुवारीत. बाराव्या दिवशी बारसं होतं आणि अकराव्या दिवशी ती गेली. पाळणा बांधलेला तसाच सोडावा लागला होता.

"नाव ठरलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तिच्या आत्याला नि मला, दोघींनाच ठाऊक. आत्याही गेल्या. तुमच्या पुस्तकात चढलं म्हणजे ती होती, एवढं तरी राहील."

नियम काय सांगतो ते बघायच्या भानगडीत मी पडलो नाही. शेवटचा आठवडा, मला कोण विचारणार होतं? ९३ सालचं रजिस्टर काढलं, पान उघडलं.

रकाना भरलेला होता. 'ऋतिका'. अक्षर माझंच.

गंगाराम शाळेसाठी जन्माचा दाखला मागायला आला होता तो दिवस आठवला. ऋतिका आजोळी जन्मली, तिची नोंद कुठेच झाली नव्हती. मी मात्र आईबाप तेच, मुलगीच, रकाना कोरा, एवढं बघितलं आणि नाव ठोकून दिलं. तारीख दीड वर्ष मागे गेली. पण शाळेतली तारीख आणि घरातली तारीख आमच्याकडे जुळते कोणाची? गंगाराम काही बोलला नाही. त्याला दाखला हवा होता. पहिलीच्या मृत्यूची नोंदही मीच केली होती आणि तरी मला आठवलं नाही. गाव तोंडपाठ म्हणे.

वहिनींना वाचता येत होतं. त्यांनी बोट ठेवून ते नाव वाचलं, तारीख वाचली, पुन्हा नाव वाचलं.

"हे तिचं पान ना?"

"हो. चूक माझी आहे, वहिनी."

"खोडता येईल?"

"येईल. पण मग ऋतिकाचा जन्म कुठेच राहत नाही. शाळेचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, सगळं खोटं ठरेल. आत्ता कॉलेजला जायची आहे ती."

वहिनींनी पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. नुसत्या त्या पानाकडे बघत राहिल्या. मला वाटत होतं, त्यांनी मला शिव्या घालाव्यात. मला बरं वाटलं असतं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "जिवंत आहे तिचं बघायला हवं."

मला तिथेच थांबता आलं असतं. पण काहीतरी करून मोकळं व्हायची घाई मला झाली होती. मी मृत्यूचं रजिस्टर काढलं. नावाच्या जागी रेघ, वय अकरा दिवस, आई सुभद्रा. "इथे घालतो नाव," मी म्हणालो आणि पेनाचं टोपण काढलं. "सांगा."

वहिनींनी रजिस्टरवर आडवा हात ठेवला.

"नको, भाऊ. मेलेल्यांच्या वहीत माझ्या पोरीचं बारसं नको."

त्या उठल्या, टोपली उचलली आणि तळ्याच्या कडेने घरी गेल्या. सोमवारी टेम्पो आला, रजिस्टरं गेली. मुलीचं नाव काय ठरलं होतं ते मला कळलं नाही, आणि पुन्हा जाऊन विचारायला मला तोंड नव्हतं.