खूण

"माझ्यासमोरच उघडा," असं म्हणत झडतीकाकांनी स्टूल काउंटरला इतकं चिकटवलं, की पेन दुरुस्त करणाऱ्या बाईंना कोपर हलवायला जागा उरली नाही.

"काका, जरा उजेड सोडा."

"उजेड सोडतो. नजर सोडणार नाही."

'झडतीकाका' हे नाव त्यांना कारखान्यानं दिलं होतं. तीस वर्षं फाटकावर उभं राहून त्यांनी सुटणाऱ्या प्रत्येक पाळीच्या पिशव्या, डबे आणि खिसे तपासले. एकदा तर सख्ख्या साडूला बूट काढायला लावले. त्यानंतर साडू त्यांच्याकडे यायचा तो चपला घालून. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. दूधवाला, मीटर बघणारा, दातांचा डॉक्टर, काकांच्या लेखी कुणीच सरळ नव्हतं. बायको मुलीला पत्र लिहायची, तेव्हा पाकीट चिकटवण्याआधी स्वतःच पुढं करायची, "घ्या, झडती घ्या." ती हसत म्हणायची आणि काका खरंच वाचायचे.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला, "बाबा, आईचं मला बाकी काही नको. तेवढं पेन द्या." रविवारी ती ते न्यायला येणार होती. पेनात शाई वाळून बसली होती, म्हणून काका ते धुऊन घ्यायला इथं आले होते. पण निब सोन्याची. कुणी हातोहात बदलली तर कळणार कसं? कारखान्यात हत्यारांवर ठोकून टिंब करत, तसं घरून निघताना त्यांनी निबेच्या पाठीवर खिळ्यानं एक बारीक टिंब ठोकलं. या हुशारीवर ते वाटभर खूश होते.

बाईंनी निब सुटी केली, पाण्यातून काढली, डोळ्याला भिंग लावलं आणि निब पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली.

"काय झालं?"

"निब चिरलीय. बदलावी लागेल."

"वाटलंच मला!" काका ताडकन उठले. "आणली तेव्हा धडधाकट होती. तुम्हीच चिरलीत, आता दुसरी गळ्यात मारणार. मी काय दुधखुळा वाटलो?"

असली गिऱ्हाइकं बाईंना नवी नसावीत. त्यांनी भिंग काकांच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा. चीर कुठून निघालीय?"

भिंगाखाली टिंब चांगलं मोठं दिसत होतं. त्यातूनच केसाएवढी चीर निघून थेट टोकापर्यंत गेली होती.

"कुणीतरी खिळा ठोकलाय," बाई म्हणाल्या. "कोण एवढा शहाणा, देव जाणे. वाईट वाटतं हो. लिहिणारं माणूस डावखुरं होतं ना? टोक बघा, एकाच अंगानं कसं झिजलंय. दुसऱ्या डावखुऱ्याच्या हातात ही निब पहिल्या दिवसापासून पळाली असती."

मुलगी डावखुरी होती. अगदी आईवर गेली होती.

काका हळूच स्टुलावर बसले. संशय घ्यायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

"नवी बसवा," ते म्हणाले.

बाईंनी खोक्यातून जुळती निब शोधून बसवली. तेवढा वेळ काका रस्त्याकडे बघत होते.

"नवी निब डाव्या हाताला वळायला किती दिवस लागतात?"

"दिवस? अहो, रोज लिहिलं तरी काही वर्षं जातात."

जुनी निब बाईंनी कागदाच्या पुडीत बांधली. मग काहीतरी आठवून पुडी पुन्हा उघडली आणि काकांसमोर धरली.

"बघून घ्या हं. नंतर म्हणाल, बदलली. खूण पटतेय ना?"

काकांनी भिंग मागितलं नाही.

"पटली," ते म्हणाले. "माझीच आहे."