घर कॅन्ससात, पेटी नेब्रास्कात

मी क्रुपिच्कांची टपालपेटी बोलतेय. कुठून बोलतेय ते मात्र विचारू नका. तिथेच सगळा घोळ आहे आणि तो मला अजूनही सुटलेला नाही.

तरी सांगून बघते. माझ्यासमोरून एक खडीचा रस्ता जातो. हा रस्ता म्हणजेच दोन राज्यांची हद्द. उत्तरेची कड नेब्रास्काची, दक्षिणेची कॅन्ससची. मका दोन्हीकडे सारखाच उगवतो, धूळ दोन्हीकडे सारखीच उडते. क्रुपिच्कांचं घर दक्षिणेला, म्हणजे कॅन्ससात. मी त्या घराची, पण उभी रस्त्यापलीकडे, म्हणजे नेब्रास्कात. कारण टपालाची गाडी मार्डेल गावाहून येते, मार्डेल नेब्रास्कात आहे आणि ती गाडी फक्त उत्तरेच्या कडेने जाते. गाडी चालवणारी व्हर्ना खाली उतरत नाही. खिडकीतून हात काढायचा, माझं तोंड उघडायचं, पत्रं आत सारायची आणि पुढे जायचं, असा तिचा शिरस्ता. म्हणून मी तिच्या हाताच्या बाजूला. आणि म्हणून क्रुपिच्कांचा पत्ता मार्डेल, नेब्रास्का. घरातल्या कुणालाही यात कधी काही वावगं वाटलं नाही.

मला एमिलआजोबांनी घडवलं. धान्याच्या जुन्या कोठीचा पत्रा घेतला, वाकवला, जोडला आणि मोडक्या नांगराच्या दांड्यावर मला बसवलं. त्याच वसंतात त्यांच्या मुलाला, डॅरेलला, मुलगी झाली होती. तिचं नाव जॅनेल. लिबीआजींनी माझ्या अंगावर लाल रंगाने आडनाव रंगवलं. लालच का, तर नेब्रास्काच्या फुटबॉल संघाचा रंग लाल. कर भरायचा कॅन्ससला, मत द्यायचं कॅन्ससात आणि शनिवारी सामना लागला की नेब्रास्कासाठी घसा फोडायचा, असं हे घर.

माझं आयुष्य तसं बरं गेलं. बर्फ ढकलणाऱ्या गाडीने दोनदा मला आडवं केलं. उनाड पोरं पिकअपमधून जाता जाता बॅटने पेट्या ठोकतात, त्यात माझा उजवा गाल चेपला. बाकी माणसांची गंमत बघण्यात वेळ जातो. पेटी रिकामी आहे हे डोळ्यांना दिसत असतं, तरी प्रत्येक जण आत हात घालून चाचपतो. तिथे काय सापडेल असं त्यांना वाटतं, कोण जाणे.

जॅनेल माझ्या डोळ्यांदेखत वाढली. शाळेची बस माझ्यापाशी थांबायची आणि मार्डेलच्या शाळेत जायची. गाडीचा परवाना तिने मार्डेललाच काढला. खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला, नेब्रास्काचा होता, झालं. पुढे कॉलेजही तिकडचंच, चर्चने चालवलेलं छोटंसं. तिथे कोण कुठल्या राज्याचं हे कुणी विचारत नसे. घरातल्या मोठ्यांच्या गाड्यांना कॅन्ससच्या नंबरपाट्या आणि तिच्या गाडीला नेब्रास्काची. सगळ्या गाड्या एकाच अंगणात उभ्या. मला कळायचं नाही, पण मला विचारतंय कोण?

मार्डेलचे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. दवाखान्याला कुलूप लागलं. जवळचं हॉस्पिटल म्हणजे अख्खी सकाळ घालवायची. त्या शरदात लिबीआजी पत्रं घ्यायला आल्या की एक हात कुशीवर दाबून उभ्या राहायच्या.

सूनबाई रमोना म्हणाली, "आई, आज जाऊन येऊ या ना. मी नेते गाडी."

"आणि कंबाइनवाल्यांना जेवायला कोण घालेल? तुझी मांजर?" आजी म्हणाल्या. "मका निघू दे. मग काय, हवं तितकं फिरव मला."

मका निघाला. तोवर आजींचं दुखणं फार पुढे गेलं होतं. नाताळच्या आधीच त्या गेल्या.

त्यानंतर एका दुपारी जॅनेल माझ्यावर कोपर टेकून उभी होती. एमिलआजोबा शेजारी. ती म्हणाली, "आजोबा, गावात डॉक्टर असता ना, तर आजी कोलाचेचे गोड पाव भट्टीत टाकून तेवढ्यात दाखवून आली असती."

"आली असती."

"मी होते डॉक्टर. आणि इथेच राहते."

आजोबांनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "मग लवकर हो."

तेव्हापासून तिला दुसरं काही दिसेना. अभ्यास तिने जीव तोडून केला, मार्क उत्तम मिळवले, उन्हाळ्याच्या सुट्ट्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलण्यात घालवल्या. मग मेडिकलचा अर्ज भरला. अर्ज एकच असतो, तो बऱ्याच कॉलेजांना जातो. त्यात एक प्रश्न असतो, तुम्ही कुठल्या राज्याचे रहिवासी? जॅनेलने बेधडक लिहिलं, नेब्रास्का. जन्मभर ती पाकिटांवर तेच लिहीत आली होती. दुसरं काही लिहायचं तिच्या मनातही आलं नाही.

आणि तिथे माशी शिंकली.

नेब्रास्कावाल्यांनी पुरावा मागितला. आईवडिलांची जमीन कुठे? कॅन्ससात. मत कुठे? कॅन्ससात. तुम्ही झोपता ती खोली कुठे? तीही कॅन्ससात. मग तुम्ही बाहेरच्या. आणि बाहेरच्यांसाठी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. कॅन्ससवाल्यांनी तोच अर्ज वाचला. रहिवासी नेब्रास्का, शाळा नेब्रास्का, परवाना नेब्रास्का. तिच्याच अक्षरात लिहिलेलं. मग त्यांच्याही लेखी ती बाहेरचीच. दोन्हीकडून नकार आला.

मी अगदी चक्रावून गेले. एवढी चांगली दोन राज्यं आणि ही मुलगी दोन्हींत नाही? मग ती राहत होती तरी कुठे? रस्त्यावर?

घरची माणसं माझ्याभोवतीच उभी राहून भांडली.

रमोना तणतणत होती. "पहिली आलेली पोर आहे! तिला बाहेरची म्हणतात! हिच्यापेक्षा घरची ती कोण?"

"अगं, त्यांचंही बरोबर आहे," डॅरेल म्हणाला. तो शांत माणूस, त्यामुळे भांडणात त्याचाच राग जास्त येतो. "आपल्या लोकांच्या करातून कॉलेज चालवतात. आपली मुलं शिकवली तर ती आपल्याकडे राहतील असं त्यांना वाटतं. बाहेरची शिकतात आणि निघून जातात."

"मी कुठे जाणार होते, बाबा?" जॅनेल ओरडली. "मला इथेच तर राहायचंय! इथे! या खड्ड्यात!"

"खड्डा कुठल्या राज्यात आहे, तेवढंच ते विचारतायत, बाळा."

एमिलआजोबा पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. मला ती नजर अजिबात आवडली नाही. ते म्हणाले, "पेटी हलवू या."

आणि खरंच हलवली! दुसऱ्या दिवशी पहार आणली, मला मुळासकट उपटलं, रस्त्यापलीकडे नेलं आणि कॅन्ससच्या कडेला गाडलं. आजोबांच्या हिशेबाने मी हलले म्हणजे पत्ता हलला, पत्ता हलला म्हणजे नात हलली. मला गंमतच वाटली. मी पत्र्याचा डबा, पण त्या दिवशी वाटलं, सगळ्या घराचं नशीब माझ्या पोटात आहे. कॅन्ससातून जग कसं दिसतं, तेही बघायला मिळालं. तसंच दिसतं.

व्हर्ना आली. गाडी उत्तरेच्या कडेला, मी दक्षिणेला. तिने हॉर्न वाजवला.

"एमिल, हे काय नाटक?"

"आता आम्ही कॅन्ससचे."

"तुम्ही कॅन्ससचेच होतात रे, गाढवा! चाळीस वर्षं घर तिथेच आहे तुझं. पेटी हलवून काय होतंय? माझा हात काय रबराचा आहे?"

"उतर खाली आणि टाक."

"या पायांनी?" व्हर्नाला साखरेचा आजार होता. तळपाय बधिर झालेले, खडीवर पडेल म्हणून ती उतरायला घाबरायची. "मी नाही उतरणार. टपाल गावात ठेवते, तुझं तू घेऊन जा."

दोघंही हट्टी. सगळा वसंत मी रिकामी राहिले. एका चिमणीने माझ्या पोटात काड्या आणून घरटं केलं. तिला कुणी रहिवासाचा पुरावा मागितला नाही. शेवटी आजोबांची रक्तदाबाची औषधं गावात अडकून पडली, तेव्हा रमोनाने पदर खोचला नाही एवढंच.

"बाबा, बास झालं. पेटी होती तिथे ठेवा. कॉलेजवाले पेटी बघायला येणार नाहीयेत."

पिल्लं उडून गेल्यावर मला परत नेब्रास्कात आणलं. तेव्हापासून मी जरा तिरकी उभी आहे. डोकंही तिरकंच चालतं.

जॅनेलने मात्र खरा मार्ग धरला. तो पेटी हलवण्याइतका सोपा नव्हता. दक्षिणेकडच्या गावातल्या वृद्धाश्रमात नोकरी धरली. कॅन्ससचा परवाना काढला, गाडीची नंबरपाटी बदलली, मतदार म्हणून नाव नोंदवलं. आणि अख्खं वर्ष तशीच थांबली. ज्या घरात ती जन्मापासून झोपत होती, त्याच घरात आणखी एक वर्ष झोपून ती तिथली आहे हे तिने सिद्ध केलं. हे मी जसं ऐकलं तसं सांगतेय. मला विचाराल तर मला हे आजही कळलेलं नाही.

लोकांनी टोमणे मारायचे सोडले नाहीत. शेजारचा शेतकरी रस्त्यावरून जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करायचा. नवी नंबरपाटी बघून तो गाडी थांबवून म्हणाला, "काय गं, फितूर झालीस? आता शनिवारी कॅन्ससचं निळं घालून बसणार का?"

"डॉक्टर होईपर्यंत निळं," ती म्हणाली. "नंतर तुम्हाला टोचताना लाल घालीन."

हसली, पण तो गेल्यावर माझ्या झाकणावर कपाळ टेकून रडली. बरोबरच्या मुली पुढे निघून गेल्या होत्या. एक वर्ष गेलं, दुसऱ्या वेळीही नाही म्हणाले तर काय, ही भीती तिला खात होती. मला तिचं कपाळ गरम लागलं. मला हात असते तर मी ते हात तिच्या केसांवरून फिरवले असते.

तिचा फोन वाजला तेव्हा ती माझ्यातून बियाण्यांचं सूचिपत्र काढत होती. ते तिच्या हातातून खाली पडलं. "हो," ती म्हणाली. "हो. हो. थँक यू." मग घराकडे तोंड करून अशी किंचाळली की कोंबड्या पळाल्या. कॅन्ससने तिला घेतलं होतं.

त्या दिवशी व्हर्नाची गाडी आली तेव्हा सगळे बाहेरच होते. रमोनाने तिला खसखशीचा कोलाचे दिला, साखर वाढेल म्हणत म्हणत तिने तो खाल्लाही.

"मग आता मार्डेलचा दवाखाना उघडणार म्हण की," व्हर्ना म्हणाली.

जॅनेल म्हणाली, "काकू, फीच्या मदतीच्या बदल्यात मी कबूल केलंय. शिकून झालं की कॅन्ससच्या खेड्यात काम करायचं. मार्डेल नेब्रास्कात येतं."

"अस्सं. आणि माझे पाय?"

"तुम्ही या ना माझ्याकडे. पेशंटला कुणी राज्य विचारत नाही. फक्त रस्ता ओलांडायचा."

व्हर्नाने रस्त्याकडे पाहिलं. एक गाडी नीट जाईल एवढाच तो रस्ता. "हा? एवढाच?"

"एवढाच."

"मग पोरी, तुला ओलांडायला वर्ष का लागलं?"

डॅरेलने तिच्या हातात आणखी एक कोलाचे ठेवला.

जॅनेल गेली. घर आता शांत आहे. आजोबा पत्रं न्यायला येतात आणि आत हात घालून चाचपतात. मी इथेच उभी आहे, पोटात एका राज्याचं टपाल, अंगावर दुसऱ्या राज्यातल्या घराचं नाव. परवा गाडीच्या खिडकीतून दिसलं, व्हर्नाच्या डाव्या पायात बूट नव्हता, बँडेज होतं. जखम भरत नाहीये म्हणे. आजोबांनी विचारलं तर म्हणाली, "दाखवीन की. पोरगी शिकून येऊ दे."

जखम थांबते का हो इतकी वर्षं? मी पत्र्याची, मला कसं कळणार. तुम्ही शिकलेली माणसं, या रेघा तुम्हीच आखल्यात. तुम्हाला ठाऊक असेल तर व्हर्नाला दोन ओळी लिहा आणि माझ्यात टाका. ती रोज येते. अजून तरी रोज येते.