टेबलाखालचा ठोका

बर्ट रॅस्ट्रिकला जाऊन अख्खा हिवाळा सरला, तरी त्याची खुर्ची एनिडला कोमटच लागायची. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

हॅसलडेल नगर परिषदेचं पुढारीपण बर्टमागून एनिड हॅलोवेलकडे आलं होतं. शेजारच्या परिषदांचे पुढारी आणि सगळ्या मुलखाने मिळून निवडलेला महापौर असे सगळे एकाच टेबलाभोवती बसत. बस, ट्राम, मोठे रस्ते, सगळा कारभार सामाईक. महापौराचं नाव मोठं, पण मत एकच. ट्रामसारख्या कामाला तर एका परिषदेने नाही म्हटलं तरी गाडं अडायचं.

महापौर विचारायचा, "कुणाची हरकत?" गप्प राहिलं की होकार. बर्टला हरकत असली की तो बोलायचा नाही, टेबलावर पेरांनी एकदाच ठोकायचा. खाणीतला माणूस तो. खाणीतला पाळणा थांबवायला, वर-खाली करायला ठोक्यांच्या खुणा असत, आणि हॅसलडेलच्या मुली दोरीवरच्या उड्या मारताना त्याच गायच्या:

एक ठोका, थांब रे थांब,
दोन ठोके, खाली जा लांब,
तीन ठोके, माणसं वर,
चहा ठेवलाय, चल रे घर.

लहानपणी एनिडही गायची. मग एके दिवशी खाणीत भडका उडाला. आग विझेना म्हणून खाणीचं तोंड लिंपून टाकलं. तिचा बाप आत राहिला, बापाबरोबरचे सगळे आत राहिले. त्यानंतर तिने दोरी हातात धरली नाही.

आज ठराव होता ट्रामचा. बोगदा हॅसलडेलच्या टेकडीखालून जाणार आणि त्याआधी जुनी खाण काँक्रीटने भरणार.

"तोंड का उतरलंय गं? नाश्ता झाला ना?" शेजारच्या खुर्चीवरून नसीम अख्तरने विचारलं. ती मोठ्या शहराच्या परिषदेची पुढारी.

"बसची वाट बघत केला. बस आली तेव्हा जेवायची वेळ झाली होती."

"मग होऊ दे ना ट्राम! आमच्याकडे म्हणतात, हॅसलडेलला जायचं तर मृत्युपत्र करूनच निघा."

एनिड हसली. गावातल्या पोरींनी सकाळीच बजावलं होतं, "मावशी, बसपायी आमच्या नोकऱ्या जातायत. मेलेल्यांसाठी जित्यांना अडवू नकोस." तिने हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतवून ठेवले. गप्पच राहायचं, असं ठरवूनच ती आली होती.

महापौर डेझमंड थॅकरेने चष्मा सारखा केला. "कुणाची हरकत?"

ठक्.

आवाज खालून आला. पेल्यातलं पाणी शहारलं.

"बर्टची खोड लागली वाटतं तुला, एनिड?" महापौर हसला.

नसीम हसली नाही. तिची नजर एनिडच्या मांडीवरच्या हातांवर खिळली होती.

मी नाही ठोकलं, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर काँक्रीट ओतायला उद्याच सुरुवात. एनिड उठून उभी राहिली.

"हॅसलडेलची हरकत आहे."

"ट्रामला? अगं, तुझ्याच गावासाठी चाललंय हे सगळं!"

"ट्रामला नाही, काँक्रीटला. आधी माणसं वर काढा."

"माणसं कुठली आता? हाडं, बाई, हाडं! त्यात किती काळ जाईल? गावातल्या पोरींना काय सांगशील?"

"शिव्या देतील, त्या खाईन. पण त्यांना माझ्या बापाच्या अंगावरून ट्रामने पाठवणार नाही."

महापौराने टेबलाभोवती नजर फिरवली. कुणीच मान वर करेना. एनिडला डावलून जाण्याची वाटच नव्हती. त्याने उसासा टाकला. "घाला ठरावात. आधी माणसं, मग बोगदा. आता कुणाची हरकत?"

सगळे गप्प. त्या गप्पपणात एनिडच्या तळपायांखाली हलकेच वाजलं. एक. दोन. तीन.

नसीमने तिचं मनगट गच्च धरलं. "एनिड... ऐकलंस?"

एनिड वाकली. टेबलाखालच्या अंधाराशी, लहान मुलीच्या आवाजात, पुटपुटली, "हो बाबा. ठेवते चहा."