तंबू कोण ठोकतं?

माझं काम समाज मोजायचं. हसू नका, विद्यापीठ त्याचाच पगार देतं. परदेशातून आलेला प्रश्न होता, 'तुम्ही कुठल्या संस्थेचे सदस्य आहात का?' अख्ख्या अदिस अबाबात घरोघर फिरले, जो तो 'नाही' म्हणाला. साहेब निष्कर्ष काढायला मोकळे, की इथं लोक एकेकटेच! माझं डोकंच फिरलं. मयत झालं की धावून येणारी, तीन दिवस दारात बसणारी मंडळी म्हणजे आमचा इदिर. त्याला कोण मेलं संस्था म्हणतं?

मी प्रश्नच बदलला. 'तुमच्या घरातलं माणूस गेलं तर दारात तंबू कोण ठोकतं?' मग मात्र लोक बोलायचे थांबेचनात.

पण संध्याकाळी चौथ्या मजल्यावर घरी आले की तोच प्रश्न छातीवर बसायचा. आई, यशीवर्क तिचं नाव, अंथरुणाला खिळलेली. जुनी वस्ती पाडली तसा तिचा इदिर शहरभर पांगला. या इमारतीत मी कुणाला नावही विचारलं नव्हतं. आईला खांदा कोण देणार?

शेवटची मुलाखत तळमजल्यावरच्या आस्कालेमावशींची. कॉफी झाली, लाह्या पुढे आल्या. प्रश्न ऐकून त्या म्हणाल्या, इमारतीचाच इदिर आहे की; तंबू, बाकं, पातेली जिन्याखाली ठेवलीत. त्या अडगळीला मी रोज शिव्या घालत वर जायचे.

"मावशी, माझ्या आईला घ्या त्यात," मी म्हणाले. मला रडूच आलं.

"ती राहायला आली तेव्हापासून आहे. पाय चालत होते तोवर एक मयत चुकवलं नाही तिनं."

"मला कधी बोलली नाही."

"तू कधी बसलीस तिच्यापाशी? तुझंही नाव घालू म्हटलं, तर म्हणाली, नको, लेक कामात असते, गैरहजेरीचा दंड बसत राहील." त्यांनी माझा कप पुन्हा भरला. "आईची काळजी सोड, बाई. तिला आम्ही आहोत. तिच्यामागं तुला कोण आहे?"



पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर मयत झालं. कामावर येत नाही म्हणून कळवलं आणि तंबूत जाऊन उभी राहिले. बाकं भरलेली. कुणी ओळखेना, कुणी सरकेना. एवढी माणसं मोजली मी, त्यातलं एक माझं नव्हतं.

"कुणाची गं तू?" एका म्हातारीनं विचारलं.

"यशीवर्कची," मी म्हणाले.

बाकावरच्या बायका सरकल्या आणि मला बसायला जागा झाली.