पावती कोणाच्या नावाची

तेजसच्या मुलीचं, शर्वरीचं बारसं झालं, ते साल २०२३. पाहुणे जेवायला बसले आणि भामामावशीनं चष्मा चढवून भाच्याचा, तेजसचा मोबाइल हातात घेतला. ओळीखाली बोट सरकू लागलं.

“मावशी, जल्दी कर. आज पैसे भरले तरच शेअर मिळतील. ग्रुपमधले सगळे भरतायत.”

“भरू देत. तीन लाख माझे आहेत, मला वाचू दे.”

हैदराबादेत नारायणगुड्याच्या एका वसतिगृहात तिनं तीस वर्षं स्वयंपाक केला होता. हे पैसे तिथलेच, म्हातारपणासाठी राखलेले. अक्षरं ती पन्नाशीत शिकली, तांदळाच्या पोत्यांवरून. पोत्यावरचं आणि पावतीवरचं नाव जुळेपर्यंत ती हमालांना दारात उभं करायची.

बोट थांबलं.

“वर कंपनीचं नाव. पैसे जाणार कोणा समीरच्या खात्यात. हा कोण?”

“असेल मॅनेजर.”

“मॅनेजरनं वसतिगृहाचा तांदूळ स्वतःच्या घरी उतरवला, तर काय म्हणशील?”

तेजस पाळण्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. मावशीनं चष्म्यावरून पाहिलं.

“तू किती भरलेस?”

त्यानं दोन बोटं वर केली.

“लाख?”

“हौ.”

“शर्वरीच्या आईला आज सांग. उद्या पोलिसांत आपण दोघं जाऊ.”

त्याचे पैसे परत आले नाहीत. मावशीनंही तो विषय पुन्हा काढला नाही.

दिवाळीनंतर ती त्यालाच घेऊन आबिड्सच्या बँकेत गेली. तिथल्या माणसाचा नोंदणी क्रमांक तिनं फंड विकणाऱ्यांच्या अधिकृत यादीशी एकेक आकडा करून जुळवला. अडीच लाख ठेवीतच ठेवले. उरलेल्यातून महिन्याला दोन हजार, सगळ्या मोठ्या कंपन्यांत थोडे थोडे जाणाऱ्या फंडात.

“भाव पडला तर?”

“पडतो, आजी. कधी वर्षभर पडलेलाच राहतो.”

“हे आधी सांगितलंस, बरं केलंस,” म्हणत तिनं सही केली. पूर्ण नाव, सावकाश.

दर महिन्याला हिशेबाचा कागद यायचा. तेजसनं तो इंग्रजीचं मराठी करत मोठ्यानं वाचायचा, ओळीखाली बोट ठेवून. इंजिनियर माणूस, मराठीत अडखळायचा.

“पळू नकोस. मी कुठे चाललेय?”

शेवटची ओळ आली की ती कागद काढून घ्यायची. “एवढी राहू दे.”

ती ओळ त्यानं थेट २०२५ च्या मार्चमध्ये वाचली. बोट ठेवूनच वाचली. नॉमिनी शर्वरी. ती सज्ञान होईपर्यंत पैसे सांभाळणार, तेजस.

भामामावशी ९ मार्च २०२५ रोजी, रविवारी सकाळी वारली.