मिस्त्रीच्या घरचं घड्याळ

अवो माय, चाललं! टिक-टाक, टिक-टाक! हातातलं कोंबडीचं पीस फेकून मी टाळ्याच वाजवल्या.

बाबानं मले आंदणात देल्लं लंबकाचं घड्याळ ते. लय दिवसापासून मुकं लटकून होतं. आमचे हे, हरिदास मिस्त्री, वर्ध्याहून सेलवालं नवं घड्याळ घेऊन आले आन् म्हणे, "धुरपता, तुह्यं चाललं तं ठेव. नाई तं बाजाराच्या दिवशी कबाड्याले देतो."

असा राग आला मले! बाबाची निशाणी कबाड्याले? खोलूनच बसली. चाकं रॉकेलात धुतली, कापसानं पुसली, एकेका छिद्रात पिसानं शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. मंग टांगून कान लावला, जरासं इकडं-तिकडं कलवून पाह्यलं. बाबा म्हणत, घड्याळ डोळ्यानं नाई, कानानं लावा लागते. टिक आन् टाक सारखे पडले का झालं.

पण पाणी घेऊन आली, तं बंद! पुन्हा धुतलं, पुन्हा चाललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. मिस्त्री म्हणे, "म्हातारं झालं वं ते. सोड नाद."

बाजाराच्या दिवशी सकाळी चुंबळ विसरली म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आली. पाह्यलं तं काय! मिस्त्री स्टुलावर उभे, हातात भिंत सरळ पाहाचा ओळंबा, आन् घड्याळ सरळ करून राह्यले!

"अवो, हे काय करून राह्यले?"

"वाकडं होतं. रोजच सरळ करतो मी."

"तरीच मेलं बंद पडते!" मी असी वरडली का शेजारची आनंदाबाई धावत आली. मी कान लावून घड्याळ जरासं तिरपं केलं, लंबक हलवला. टिक-टाक!

मिस्त्रीचं तोंड उतरलं. त्यायनं बांधलेल्या भिंतीले कोणी वाकडी म्हटलं तं वर्षभर बोलत नाई त्याच्याशी. आन् त्यायच्याच घरात तिरपं घड्याळ!

"लोकं काय म्हणतीन?" एवढंच बोलले. कबाड्याचं नाव काढलं नाई, पण माह्या जिवाची धाकधूक जाईना.

दुपारी रूपराव आले, नव्या घराचं काम द्याले. खाली टेकत नाई तं म्हणे, "मिस्त्री, घड्याळ तिरपं हाये ना तुमचं!" आन् सरळ कराले उठलेच.

मिस्त्री ताडकन उठून मधात उभे राह्यले.

"हात नोका लावू, रूपरावजी. घड्याळ सरळच हाये. माही भिंत वाकडी हाये."